आवडते घड्याळ आणि झाकणाची आतली बाजू

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण राजारामपुरीत एका मित्राच्या घरी जमतो. सर्वांना मनगटी घड्याळांचा नाद आहे, आणि कोल्हापुरात ‘नाद’ या शब्दाला जो मान आहे तो पाहता त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कुणाला कारण नाही. जमणाऱ्यांत एक दंतवैद्य आहेत, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री चालवणारे दोघे भाऊ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगाही आहे, जो घड्याळे विकत घेत नाही, फक्त इतरांची हाताळतो आणि बहुतेक वेळा आमच्यापेक्षा नेमके बोलतो. मागच्या बैठकीत फाउंड्रीवाल्या धाकट्या भावाने एका छोट्या स्वतंत्र कंपनीने आजवर काढलेली सहाही घड्याळे टेबलावर रुमाल अंथरून ओळीने मांडली आणि विचारले की, यांतले एकच ठेवायचे झाले तर कोणते ठेवाल.

बहुतेकांनी हिरव्या तबकडीच्या घड्याळावर बोट ठेवले. कारणे ऐकली तेव्हा लक्षात आले की ती सगळी मिळून एकच कारण होते: ते शंभरच निघाले होते, नोंदणी उघडल्या उघडल्या संपले होते आणि आता दुसऱ्या हाताने घ्यायचे तर मूळ किमतीपेक्षा पुष्कळ जास्त मोजावे लागतात. ते घड्याळ मनगटावर चढवून मात्र कुणी पाहिले नाही. पाहण्याची सोयही नव्हती म्हणा, कारण त्याच्या पाठीवर कारखान्यात लावलेली प्लास्टिकची पातळ फिल्म अजून तशीच होती आणि ती निघाली तर भाव उतरतो, असे मालकाचे म्हणणे होते.

आवड ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे, तिच्यावर लेख लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. मोठ्या कंपनीच्या बाबतीत ते पुरेसे खरेही आहे. वर्षाला लाखो घड्याळे करणाऱ्या कारखान्याच्या एखाद्या मॉडेलबद्दल मला काय वाटते याने त्या कारखान्याचे काहीच अडत नाही. परंतु वर्षाला काही शे घड्याळे करणाऱ्या कंपनीची गोष्ट निराळी असते. तिथे ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे मालक स्वतः देत असतो. तबकडी करून देणारा पुरवठादार ठरावीक संख्येच्या खाली काम हाती घेत नाही, काटे आणि केस, म्हणजे घड्याळाची धातूची पेटी, करणाऱ्यांचेही तेच. त्यामुळे नवे घड्याळ काढायचे म्हणजे एकही नग विकला जाण्यापूर्वी बरीच रक्कम गुंतवून बसावे लागते आणि ही रक्कम पुष्कळदा ग्राहकांच्या आगाऊ नोंदणीतूनच उभी राहते. म्हणजे या व्यवहारात संग्राहक नुसता गिऱ्हाईक राहत नाही, तो थोडाफार सावकारही होतो, आणि सावकाराचा कल पाहूनच पुढचा डाव मांडला जातो. संग्राहकांनी तुटवड्याला पसंती दिली की कंपनी पुढच्या खेपेला तुटवडाच बनवू लागते. म्हणून छोट्या कंपनीचे आवडते घड्याळ कसे निवडावे हा प्रश्न मला सार्वजनिक वाटतो, आणि माझे म्हणणे असे आहे की ही निवड दुर्मीळपणावर न करता, ते घड्याळ रोज वापरता येते का आणि बिघडल्यावर आपल्या गावच्या घड्याळजीला उघडता येते का, यावर करावी.

आधी या कंपन्या नेमके काय करतात ते पाहू. ‘स्वतंत्र’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या जाती वावरतात. एका जातीत स्वित्झर्लंडचे फिलिप ड्युफोर किंवा इंग्लंडचे जॉर्ज डॅनियल्स यांच्यासारखे घड्याळकार येतात. डॅनियल्स यांनी शोधलेली को-ॲक्सिअल एस्केपमेंटची, म्हणजे स्प्रिंगची ताकद ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या भागाची, रचना ओमेगा कंपनीने 1999 मध्ये आपल्या घड्याळांत आणली, यावरून त्यांच्या अधिकाराची कल्पना यावी. अशा लोकांनी 1985 मध्ये आपली एक अकादमीही स्थापन केली. त्यांची घड्याळे आपल्या टेबलावर येण्याचा संभव नाही, तेव्हा त्यांना नमस्कार करून पुढे जाऊ. दुसरी जात म्हणजे ज्यांना हल्ली मायक्रोब्रँड म्हणतात त्या दोन-चार माणसांच्या कंपन्या. आराखडा त्यांचा स्वतःचा असतो; केस, तबकडी, काटे, काच हे सगळे पुरवठादारांकडून करून घेतलेले असते; आणि आतले मशीन जपानच्या सेइको किंवा मियोटाचे अथवा स्वित्झर्लंडच्या सेलिटाचे असते. भारतातही गेल्या दहा-बारा वर्षांत अशा कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. जुनी नाणी तबकडीत बसवणारी जयपूर वॉच कंपनी आणि एका दांपत्याने सुरू केलेली बँगलोर वॉच कंपनी ही त्यांतली दोन ठळक नावे.

मशीन विकत आणलेले, म्हणजे मग यांनी केले काय, हा आमच्या बैठकीतला ठरलेला आक्षेप आहे आणि तो बहुधा बँकेतले गृहस्थ घेतात. त्यांच्या मते ज्या कंपनीचे मशीन स्वतःचे नाही तिचे घड्याळ आवडते म्हणणे म्हणजे हॉटेलातून आणलेल्या जेवणासाठी यजमानाची पाठ थोपटणे होय. उपमा चांगली आहे, पण ती इथे बसत नाही. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर गेली चाळीस वर्षे एचएमटीचे जनता असते. एचएमटीने बंगळुरूला 1961 मध्ये घड्याळे करायला सुरुवात केली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, आणि जनतामधले सतरा खड्यांचे, ताशी 18,000 ठोक्यांचे, चावी देण्याचे मशीन त्या जपानी घराण्यातलेच आहे. गंमत अशी की आजच्या छोट्या कंपन्या ज्या मियोटाकडून मशीन घेतात ती मियोटाही सिटिझनचीच. म्हणजे आमच्या या गृहस्थांचे सरकारी जनता आणि त्यांना परके वाटणारे आजचे मायक्रोब्रँड घड्याळ ही मशीनच्या बाजूने चुलतभावंडे निघतात. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी मनगट उलटे करून घड्याळाच्या पाठीकडे असे पाहिले की जणू घरातल्याच कुणीतरी ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवली होती.

याहून बोलके उदाहरण टोकियोच्या हाजिमे असाओका यांचे आहे. हे गृहस्थ स्वतःच्या हाताने टूरबियाँ, म्हणजे बॅलन्सचे चाक सगळ्या जोडणीसकट फिरते ठेवणारी अतिशय अवघड रचना, घडवणारे, वर उल्लेखलेल्या पहिल्या जातीतले घड्याळकार. अधिक लोकांना परवडेल असे घड्याळ द्यावे म्हणून त्यांनी 2019 मध्ये कुरोनो हा वेगळा ब्रँड काढला आणि त्यात मशीन घातले ते मियोटाचे. ज्याला मशीन करता येते तोच माणूस जेव्हा विकतचे मशीन घालतो तेव्हा त्याने आपले कसब कुठे खर्च करायचे याचा निर्णय केलेला असतो. त्याने ते तबकडीच्या वळणात, काट्यांच्या टोकांत, केसच्या बाजूवरून उजेड कसा घसरतो यात खर्च केले. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण कॅमेऱ्याचे कौतुक वेगळे आणि त्या कॅमेऱ्यातून काय टिपले याची परीक्षा वेगळी. घड्याळातही तसेच आहे. छोट्या कंपनीचे घड्याळ निवडताना तिने स्वतः जे केले त्यावर डोळा ठेवावा. लग म्हणजे पट्टा अडकवायचे शिंगांसारखे टोक मनगटाबाहेर जाते की मनगटावर बसते, मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचतो की अलीकडेच थांबतो, तारखेची खिडकी आकडा अर्धवट कापून बसवली आहे की मुळातच टाळली आहे, या गोष्टी कंपनीच्या हातातल्या असतात आणि त्यांत तिची बुद्धी दिसते. मशीनमध्ये दिसते ती मियोटाची किंवा सेलिटाची बुद्धी.

आता दुर्मीळपणाकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे. कमी संख्येत निघालेल्या प्रत्येक घड्याळाकडे संशयाने पाहावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. एखादी वस्तू कमी होणे वेगळे आणि कमी ठेवणे वेगळे. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात ॲनऑर्डेन नावाची छोटी कंपनी काचेच्या मुलाम्याच्या, म्हणजे इनॅमलच्या तबकड्या करते. धातूच्या चकतीवर काचेची पूड पसरून ती सुमारे आठशे अंश तापमानाच्या भट्टीत भाजायची, पुन्हा थर द्यायचा, पुन्हा भाजायचे. त्यात कुठे बुडबुडा येतो, कुठे तडा जातो, आणि केलेले काम फेकून द्यावे लागते. हुपरीत चांदीवर मीना भरताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अशी घड्याळे कमी निघतात कारण हात मोजके आहेत आणि आग कुणाचे ऐकत नाही. कापशीचा चपला करणारा कारागीर बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात मुरलेले कातडे घेऊन बसतो, कान कातरतो, वेणी घालतो, तेव्हा त्याचेही जोड आठवड्याला मोजकेच होतात, आणि म्हणून काही तो त्यांच्या तळव्यावर ‘शंभरातला सदतिसावा’ असे कोरत नाही.

कमी ठेवणे ही निराळी विद्या आहे. तेच मशीन, तीच केस, तेच काटे. तबकडीचा रंग तेवढा बदलायचा, झाकणावर अनुक्रमांक कोरायचा आणि शंभर म्हणून जाहीर करायचे. यात बेकायदेशीर काही नाही आणि छोट्या धंद्याची गरजही मला कळते: शंभर नगांचे पैसे एका दिवसात हाती आले तर पुढच्या तबकड्यांची आगाऊ रक्कम भागते, माल पडून राहत नाही, पगार वेळेवर होतात. मला खटकते ते आपले वागणे. आपण त्या शंभरांतले एक मिळाले याचा आनंद त्या घड्याळाच्या आवडीच्या खात्यावर जमा करतो. नशीब फळफळले म्हणून झालेला हर्ष आणि वस्तू आवडली म्हणून झालेला हर्ष यांची सरमिसळ झाली की मग तबकडीकडे नीट पाहण्याची गरजच उरत नाही. कुरोनोने याच अडचणीवर काही वेळा दुसरा उपाय केला. संख्या न ठरवता दहा मिनिटे नोंदणी उघडी ठेवायची आणि तेवढ्या वेळात जे मागतील त्या सर्वांना घड्याळ द्यायचे. हा मार्ग निर्दोष आहे असे नाही, कारण घड्याळासाठी घड्याळ लावून बसायला लागणे हाही एक विनोदच आहे. पण निदान त्यात खरी मागणी मोजली जाते आणि घड्याळ ज्यांना हवे त्यांच्याकडे जाते, दलालांकडे कमी जाते.

माझे याबाबतचे मत पुस्तकी नाही, ते मी एका ड्रॉवरकडून शिकलो. तीनेक वर्षांपूर्वी मी परदेशातल्या एका छोट्या कंपनीचे घड्याळ घेतले. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा जेवढा होता तेवढाच माझ्या निवडीचाही होता. तेही मर्यादित संख्येतले होते आणि मीही ते त्याच कारणासाठी निवडले होते. दीड वर्षाने एका सकाळी वेळ लावताना चावी दांडीसकट हातात आली. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात माझे नेहमीचे घड्याळजी बसतात. दुकान म्हणजे काचेची एक पेटी, एक दिवा आणि अर्धी खुर्ची. वडिलांच्या वेळेपासून आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. आण्णांनी डोळ्याला भिंग लावले, घड्याळ उलटे केले आणि बराच वेळ पाठीकडेच पाहत राहिले. झाकणाच्या कडेला खाचा होत्या, पण नेहमीच्या किल्लीचे दात त्यांत बसत नव्हते. कंपनीने खाचांनाही आपला खास आकार दिला होता.

आण्णा म्हणाले, “मशीन वळखीचं असंल ओ सर, पर दारच उघडंना त्याला काय करायचं?”

मग ते घड्याळ खिशात घालून मी उद्यमनगरात गेलो. ओळखीच्या एका टर्नरने पितळेच्या गोल तुकड्यावर मापे घेत घेत तीन दात काढून दिले. लेथवरचे काम पाऊण तासाचे, त्यातही अर्धा वेळ चहात गेला. त्या पितळी किल्लीने झाकण उघडले आणि आत पाहतो तर साधे मियोटाचे मशीन, ज्याची दांडी कुठेही मिळते. आण्णांनी ती बसवलीही. अडले ते चावीपाशी. ती केसच्या नळीवर फिरवून बसवायची होती आणि तिच्या आतले आटे कुठल्याच प्रचलित मापाचे नव्हते, त्यामुळे दुसरी चावी त्या नळीवर चढेना आणि जुनीचे आटे मोडले होते. “मशीनचं कायबी न्हाई,” आण्णा म्हणाले, “ह्या चावीचा आटा कुठला त्यो तेन्लाच ठावं.” मी कंपनीला लिहिले. पहिले उत्तर दोन दिवसांत आले, दुसरे महिन्याने, तिसरे आलेच नाही. आठ महिने ते घड्याळ ड्रॉवरमध्ये पडून होते आणि या आठ महिन्यांत दुसऱ्या हाताच्या बाजारात त्याची किंमत मात्र चढत होती. एकीकडे वस्तू बंद आणि दुसरीकडे तिचा भाव वर, हे पाहिल्यावर आपण ज्याला ‘आवडते’ म्हणत होतो ते नेमके काय होते, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

वास्तविक विकतचे मशीन वापरण्यातच छोट्या कंपनीच्या ग्राहकाचा सर्वांत मोठा लाभ दडलेला असतो आणि विचित्र खाचांनी, विचित्र आट्यांनी कंपनी तो लाभ आपल्या हाताने घालवते. स्वित्झर्लंडचा अलीकडचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ईटीए ही स्वॉच समूहातली कंपनी दशकानुदशके निम्म्याअधिक स्विस घड्याळवाल्यांना मशीन पुरवत आली. समूहाने 2002 मध्ये बाहेरच्यांना अर्धवट जुळणीची मशीन देणे बंद करण्याचा मानस जाहीर केला, प्रकरण तिथल्या स्पर्धा आयोगापर्यंत गेले, आणि त्या ओढाताणीतून सेलिटासारख्या कंपन्या पुढे आल्या. ईटीएच्या 2824 या मशीनचे पेटंटचे संरक्षण संपलेले असल्यामुळे सेलिटाने त्याच आराखड्यावर आपले एसडब्ल्यू200 उभे केले. याचा परिणाम असा की ज्या घड्याळजीने उभी हयात 2824 खोलण्यात घालवली, त्याला एसडब्ल्यू200 खोलताना नवीन काही शिकावे लागत नाही. ताशी 28,800 ठोके, नेहमीची हत्यारे, नेहमीचे तेल. एक ज्ञान अनेक नावांच्या घड्याळांना पुरते. मोठ्या कंपन्यांच्या खास मशीनचे सुटे भाग बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना मिळणे दिवसेंदिवस अवघड होत असताना छोट्या कंपनीची ही उघडी, सार्वजनिक बाजू म्हणजे तिचे बलस्थान आहे. तिला कमीपणा मानणे हा उलटा न्याय झाला.

आपल्याकडे 2022 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने हाती घेतली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टलही सुरू झाले. मनगटी घड्याळ त्या चार क्षेत्रांत नाही, आणि ट्रॅक्टरच्या आधी घड्याळ घ्या असे मीही म्हणणार नाही. परंतु कायदा येईपर्यंत ग्राहकाच्या हातात काहीच नसते असे नाही. जिथे मालक स्वतः पत्र वाचतो तिथे ‘तुमच्या चावीचे आटे कोणत्या मापाचे आहेत आणि झाकण कोणत्या किल्लीने उघडते’ हा प्रश्न नोंदणीपूर्वी पंचवीस जणांनी विचारला तर पुढचे घड्याळ बदलते. मोठ्या कंपनीत हाच प्रश्न ग्राहकसेवेच्या फोनवर संगीत ऐकत विरून जातो.

जनताचे उदाहरण इथे पुन्हा घ्यावेसे वाटते. एचएमटी काही छोटी कंपनी नव्हती, ती सरकारची होती, आणि क्वार्ट्झची, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांची, लाट ओळखण्यात ती कमी पडली. तिचा घड्याळ विभाग बंद करण्यास 2016 च्या जानेवारीत केंद्राने मंजुरी दिली. कारखाना गेला, तरी जनता चालूच आहे. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेली तबकडी आजही कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर एखाद्या वयस्क मनगटावर दिसते. याचे कारण भावनेत नाही, आण्णांच्या खालच्या खणात आहे. तिथे औषधांच्या रिकाम्या डब्यांत जनताच्या दांड्या, बॅलन्स, काचा, स्प्रिंगा निवडून ठेवलेल्या आहेत. मशीन इतकी वर्षे आणि इतक्या संख्येने एकसारखे निघाले की मेलेल्या दहा घड्याळांतून एक जिवंत करता येते. (याच सुबत्तेमुळे जुन्या मशीनवर भडक रंगवलेल्या नव्या तबकड्या चढवून ‘जुने एचएमटी’ म्हणून विकण्याचा धंदाही फोफावला आहे, आणि आमच्यातले दंतवैद्य त्यात दोनदा फसले आहेत; दुसऱ्या वेळी तर तबकडीवरच्या कंपनीच्या नावातच एक अक्षर चुकले होते.) कारखाना गेल्यावरही इतकी वर्षे टिकण्याची ही शक्यता आजच्या छोट्या कंपन्यांपुढे आहे. यांतल्या अनेक पंधरा-वीस वर्षांनी नसतील, हे त्यांच्या मालकांनाही ठाऊक असते. अशा वेळी घड्याळाचा पुढचा जन्म प्रचलित मशीनवर, प्रचलित चावीवर आणि गावोगावच्या घड्याळजींवर अवलंबून राहील.

भारतीय छोट्या कंपन्यांबद्दल आणखी एक बोलायला हवे, कारण आपल्याकडची निवड बऱ्याचदा विषयावरून होते. कुणाची तबकडी लढाऊ विमानावर, कुणाची अवकाश मोहिमेवर, कुणाची क्रिकेटवर. देशाभिमान मनगटावर बांधण्यात वावगे काही नाही, पण विषय आवडला म्हणजे घड्याळ आवडले असे होत नाही, आणि विषयाचे नवल पट्ट्याला घाम लागेपर्यंतच टिकते. विषय जेव्हा कामाला लागतो तेव्हा मात्र मी टोपी काढतो. बँगलोर वॉच कंपनीच्या कव्हर ड्राइव्ह नावाच्या घड्याळात षटके मोजता यावीत म्हणून फिरणारी कडी दिली आहे. तिथे क्रिकेट तबकडीवर चिकटवलेले नाही, घड्याळाच्या वापरात उतरले आहे. शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून फुटबॉल पाहणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना षटकांचा काय उपयोग, असे आमच्या इंजिनिअरिंगवाल्या मुलाने विचारले. सामन्याचे दोन अर्ध मोजणारी कडी कोणी करत असेल तर तो पहिला नोंदणी करील म्हणे. मला वाटते संग्राहकाची खरी मागणी अशी असते.

यावर एक गंभीर प्रतिवाद आहे आणि तो दंतवैद्यांनी केला. ते म्हणाले, वेळ खिशातल्या फोनवर कळतो, साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 कंपने देतो आणि कुठलेही यांत्रिक घड्याळ त्याच्या जवळपास जाऊ शकत नाही. मग वापराची कसोटी यांत्रिक घड्याळाला लावायचीच कशाला? ती आता कलावस्तू आहे, कलावस्तू कपाटात ठेवतात, आणि कपाटातल्या वस्तूची दुर्मिळता हाही तिचा एक गुणच मानतात. हा मुद्दा मी टाळू शकत नाही. इतकेच म्हणेन की चित्र भिंतीवर असताना आपले काम करत असते, मिरजेची सतार मात्र कपाटात असताना करत नाही. आणि यांत्रिक घड्याळ मला सतारीच्या बाजूचे वाटते. ते चालते तेव्हाच ते आहे. आत तेल असते, ते वर्षानुवर्षे तसेच पडले की घट्ट होते, आणि हिरव्या तबकडीचे ते घड्याळ प्लास्टिकच्या फिल्मसकट दहा वर्षांनी बाहेर काढले जाईल तेव्हा ते चालवण्याआधी कुणा तरी आण्णाकडेच न्यावे लागेल. तोवर तशी माणसे शिल्लक राहायची असतील तर मधल्या काळात त्यांच्या टेबलावर काम पडत राहिले पाहिजे. महाद्वार रोडच्या परिसरात माझ्या लहानपणी घड्याळजींची जी दुकाने होती त्यांतली पुष्कळ आता मोबाइलची कव्हरे विकतात. उरलेल्यांच्या हाताखाली शिकायला कोणी येत नाही, कारण दिवसभर सेल बदलण्यात शिकण्यासारखे फार नसते. यांत्रिक घड्याळे कपाटात ठेवून आपण त्यांची उपासमार करतो आणि वर घड्याळकलेवर प्रेम असल्याचे सांगतो.

टेबलावरच्या सहांपैकी मी निवडले ते पहिले, त्या कंपनीने सुरुवातीला काढलेले. पांढरी तबकडी, सदतीस मिलिमीटरची केस, रोज सकाळी चावी द्यायचे मशीन, तारीख नाही. ते कितीतरी महिने विकले जात नव्हते आणि आजही मूळ किमतीच्या खालीच मिळते, त्यामुळे माझ्या निवडीवर थोडी कीव केली गेली. मी ते मनगटावर बांधून पाहिले. लग मनगटाच्या आत राहिले, मिनिटकाटा रेघेला नेमका टेकत होता, आणि चावी देताना बोटाला लागणारी तिची खरखर आश्वासक होती. पाठीवरच्या खाचा नेहमीच्या. मालकाने मग ते मला उसने दिले. म्हणाला, सर, महिनाभर वापरा आणि मग बोला.

दुसऱ्या दिवशी मी ते आण्णांकडे नेले, कारण ते दिवसाला वीसएक सेकंद पुढे जात होते. झाकण नेहमीच्या किल्लीने एका वळशात उघडले. त्यांनी बॅलन्सजवळचा काटा केसभर मागे सरकवला, कानाशी धरून ऐकले, आणि झाकण लावण्यापूर्वी त्याची आतली बाजू दिव्याखाली धरली. घड्याळजी काम केले की झाकणाच्या आत टोकदार सुईने बारीक खूण करतात, तारीख किंवा आपले अक्षर. माझ्या वडिलांच्या जनताच्या झाकणात अशा पाच खुणा आहेत, त्यांतल्या दोन आण्णांच्या वडिलांच्या. या झाकणात एकही नव्हती.

“करू का ओ?” त्यांनी विचारले. घड्याळ माझे नव्हते. मी धाकट्या भावाला फोन लावला. तो फाउंड्रीत होता, मागे भट्टीचा आवाज येत होता आणि त्याला दोनदा सांगावे लागले.

तो म्हणाला, “करा की. आणि त्या हिरव्याची फिल्म काढून आणतो म्हणावं आण्णांना, त्येचंबी एकदा बघायला सांगा.”